बसलेल्या मुलीला ‘खो’ ऐकू आला पाहिजे

पत्र

ताई, आम्ही सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. मुलगी सातवीत आहे. शाळेच्या 14 वर्षांखालील खो-खो संघात तिची निवड झाली, संघ तालुक्यात पहिला आला आणि आता जिल्ह्याला जायचं आहे. पण बारा जणींत ती राखीव. तालुक्याच्या फायनलला शेवटी थोडा वेळ उतरवली, तेवढंच. मिस्टर प्रत्येक मॅचला जातात आणि बाहेरून सारखे ओरडतात. ‘सरांनी ओळखीच्यांच्या मुली घेतल्या’ असं म्हणून मैदानावरच त्यांनी सरांशी वाद घातला. रात्री मोबाईलवर काढलेला व्हिडिओ दाखवून तिच्या चुका काढतात. आता मॅच असली की सकाळी तिचं पोट दुखतं. चाचणीत गणिताचे गुण घसरलेत. सासूबाईंचं म्हणणं, आठवीत गेली की खेळ पुरे. या वयात आई-बापाकडून आणि मुलीकडून नेमकी अपेक्षा काय असते? खेळ सोडवू का?
— एक आई

उत्तर

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते. खेळ सोडवू नका. निदान आत्ता, वाद ताजा असताना तर नकोच. आत्ता थांबवलंत तर मुलगी त्यातून एवढंच घेईल की बाबा चिडले की आपल्याला घरी बसावं लागतं.

तुमच्या मिस्टरांबद्दल आधी चांगलं बोलून घेते, कारण पुढे बरंच ऐकवायचं आहे. मी खेळले, नंतर बरीच वर्षं शाळेच्या मुलींना खेळवलं. मुलींच्या सामन्याला कडेला किती बाप उभे असतात ते मला माहीत आहे. मुलाच्या क्रिकेटला रजा टाकून येणारा माणूस मुलीच्या खो-खोला ‘कामात होतो’ म्हणतो. तुमचे मिस्टर येतात, प्रत्येक मॅचला येतात. ओरडणारा बाप मला न येणाऱ्या बापापेक्षा परवडतो. ओरडणं कमी करता येतं. न येणाऱ्याला कुठून आणायचं? तेव्हा ‘तुम्ही येऊच नका’ असं त्यांना चुकूनही म्हणू नका.

पण ओरडणं थांबलं पाहिजे, आणि ते शिस्त-संस्कार वगैरेंसाठी नाही. खो-खो हा कानाने खेळायचा खेळ आहे, म्हणून.

मिस्टरांना शेजारी बसवून हे वाचून दाखवा. आठ मुली आपापल्या चौकात बसलेल्या असतात, एक डावीकडे तोंड करून, तिच्या शेजारची उजवीकडे. नववी समोरच्या संघातल्या पळतीच्या मागे धावते. बसलेल्या मुलीच्या पाठीमागे काय चाललंय ते तिला दिसत नाही. तिला कळतं ते दोनच गोष्टींनी, पाठीवर पडलेला हात आणि ‘खो’ हा शब्द. खो मिळायच्या आधी ती उठली तर फाऊल. उठून एकदा दिशा घेतली की ती बदलता येत नाही. दोन खांबांमधली पाटी ओलांडता येत नाही. म्हणजे त्या पोरीला एका शब्दावर उठायचं असतं आणि उठतानाच कुठे जायचं ते ठरवायचं असतं. अशा वेळी कडेवरून ‘ऊठ! ऊठ! डावीकडे बघ!’ असा ओळखीचा आवाज येतो. घरात रोज ऐकलेला, बापाचा. मुलगी काय करणार? त्या आवाजाने तिचं अंग आपोआप उठतं. पंच शिट्टी वाजवतात, समोरची पळती निसटते, आणि बाप वर म्हणतो, ‘लक्ष कुठे होतं तुझं?’

हे मी पुष्कळदा पाहिलंय. एका सामन्यात एक मुलगी बसल्या जागेवरून मान वळवून सारखी कडेला बघत होती. मला वाटलं तिला पाणी हवंय. नंतर लक्षात आलं, ती वडिलांच्या चेहऱ्यावरून आपण बरं खेळतोय की नाही ते तपासत होती. तेवढ्यात तिच्या पाठीत खो पडला आणि ती दचकून उठली, उलट्या दिशेने.

तेव्हा पहिली अपेक्षा ही: सामना चालू असताना पालकाने सूचना द्यायची नाही. टाळ्या वाजवा, गडी बाद झाला की आरडाओरडा करा, समोरच्या संघातली एखादी पोर सुरेख निसटली तर तिलाही ‘वा’ म्हणा. ‘ऊठ’, ‘पळ’, ‘खांबाकडे जा’ ही भाषा सरांची आणि संघनायिकेची. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची मैदानावर आधीच गर्दी असते, त्यात घरच्या माणसाची भर नको. मिस्टरांना गप्प उभं राहणं जमणारच नसेल तर त्यांना काम द्या. पळतीला उतरलेली प्रत्येक मुलगी किती वेळ टिकली ते वहीत लिहायचं, आपल्या आणि समोरच्या संघातल्याही. सरांना ती वही सोन्यासारखी वाटेल, आणि ज्याचा डोळा घड्याळावर असतो त्याला ओरडायला फारशी सवड मिळत नाही.

आता राखीव असण्याबद्दल. घोडं खरं इथेच अडलंय असं पत्र वाचून मला वाटतं.

संघ बारा जणींचा, मैदानात नऊ. म्हणजे कितीही न्यायी प्रशिक्षक असला तरी तिघी बाहेर बसणार, आणि त्या तिघींच्या घरी त्या दिवशी जेवताना सरांचा उद्धार होणार. सरांनी ओळखीच्या मुली घेतल्या का? मला इथे बसून ठरवता येणार नाही, आणि असं कुठेच होत नाही असंही मी म्हणणार नाही. पण दुसरी शक्यताही मनात धरा. खांबाशेजारच्या चौकात बसायला सूर मारता येणारी मुलगी लागते. पळतीला तिघी-तिघी उतरतात, त्यातल्या पहिल्या तिघींत डोकं शांत ठेवणारी लागते. सातवीच्या वर्गात एकीची उंची झपाट्याने वाढलेली असते आणि तिच्याच वयाच्या दुसरीची अजून सुरू व्हायची असते. आज जी मागे आहे ती दोन वर्षांनी पुढे असेल, हे या वयात इतकं सर्रास घडतं की सातवीतल्या निवडीवरून पोरीचं भविष्य काढणं हा निव्वळ वेडेपणा आहे.

सरांशी बोलायचंच असेल तर त्याची रीत आहे. सामन्याच्या दिवशी नाही, मैदानावर नाही, इतर पालकांसमोर तर नाहीच. दोन दिवस जाऊ द्या, शाळेत वेळ मागून घ्या. आणि पहिलं वाक्य मिस्टरांनी बोलावं: ‘त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं.’ जड जाईल, पण त्याशिवाय पुढचं संभाषण होणार नाही. मग एकच विचारा: ‘तिने येत्या महिन्यात कशावर मेहनत घ्यावी?’ ‘अमक्याची मुलगी का घेतली’ हा प्रश्न विचारायचा नाही. ती मुलगीही बारा-तेरा वर्षांचीच आहे आणि तुमच्या लेकीची मैत्रीण आहे.

त्याहून बरं म्हणजे हा प्रश्न मुलीनेच सरांना विचारावा. ‘सर, मी कुठे कमी पडते?’ हे वाक्य सातवीतल्या मुलीला यायला हवं. घाबरत असेल तर घरी तुमच्यासमोर दोनदा म्हणवून घ्या. सरांकडून आलेलं उत्तर ती ऐकेल. तेच उत्तर तुमच्या तोंडून आलं तर पाय आपटत आतल्या खोलीत जाईल.

जाता जाता सरांची बाजूही सांगते, मी त्या खुर्चीत बसलेय म्हणून. शाळेत क्रीडाशिक्षक बहुतेक ठिकाणी एकच. खो-खो त्यांचा, कबड्डी त्यांची, धावणं, लांब उडी त्यांची. जन्मतारखेचे दाखले गोळा करणं, प्रवेशिका भरणं, गाडी ठरवणं, मुलींसोबत यायला एखाद्या बाईंना तयार करणं, हे सगळं त्यांच्या गळ्यात. एवढ्या धबडग्यात ते रागाने काही बोलले तर थोडं पोटात घाला. मात्र मर्यादा कुठे संपते तेही ठाऊक असू द्या. आवाज चढवणं वेगळं. मारणं, सगळ्यांसमोर अंगावरून-वजनावरून बोलणं, उन्हात शिक्षा म्हणून उभं करणं हे चालत नाही. शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली आहे. मुलगी कुणाच्या स्पर्शाबद्दल किंवा मेसेजबद्दल अवघडून काही बोलली तर संघातली जागा, मॅच, सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी हालचाल करा. मुख्याध्यापक, शाळेतली मुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती, नाहीतर थेट 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन. जन्मतारखेत फेरफार करून ‘अजून एक वर्ष लहान गटात खेळवू’ असं कुणी सुचवलं, तरी तितक्याच ठामपणे नाही म्हणा.

मुलीकडून काय अपेक्षा, हेही तुम्ही विचारलंत. बरं केलंत, कारण बहुतेक पालक फक्त सरांकडून काय अपेक्षा ते विचारतात. तिची पिशवी तिने भरायची. बूट, नी-कॅप, पाण्याची बाटली, जादा कपडे. नखं आदल्या रात्री कापायची, कानातलं आणि बांगड्या घरी काढून ठेवायच्या. समोरच्या मुलीला ओरबाडलं जाऊ नये म्हणून हा नियम आहे आणि ऐन वेळी मैदानावर नेलकटर शोधत फिरणाऱ्या मुली मला आवडत नाहीत. सरावाला वेळेवर जायचं. जाता येणार नसेल तर तिने स्वतः सरांना सांगायचं, तुम्ही फोन करायचा नाही.

आणि राखीव मुलीने बाहेर बसून नुसतं गवत उपटायचं नाही. समोरच्या संघातली कोणती पळती कशी खेळते ते बघायचं. एकदा आमच्या एका राखीव पोरीने मध्यंतरात हळूच सांगितलं, ‘ती तीन नंबरची हूल नेहमी उजवीकडे देते आणि निसटते डावीकडे.’ पुढच्या डावात ती तीन नंबरची दुसऱ्याच खोला बाद झाली. टाळ्या जिने बाद केलं तिला पडल्या. जिने सांगितलं तिला मी पुढच्या सामन्यात पहिल्या नऊत घेतलं, कारण जिला खेळ वाचता येतो तिला खेळवता येतं. बाकी सूर, पळती वगैरे शिकवता येतं.

रात्रीचा व्हिडिओ मात्र बंद, आजपासून. मुलगी दमून आलेली असते, हरलेली असते, कधी फक्त बाहेर बसलेली असते. त्यात जेवणाच्या ताटावर स्वतःची चूक तीन-तीनदा बघायला लावली तर पोट दुखेल नाहीतर काय होईल? परतीच्या गाडीत आणि त्या रात्री सामन्याचा विषय तिने काढला तरच काढायचा. मिस्टरांनी म्हणायचं ते इतकंच: ‘भूक लागली असेल ना?’ व्हिडिओ पुसून टाकू नका. चार दिवसांनी ती स्वतःच मागेल, मैत्रिणींना गोळा करून बघेल आणि मिस्टरांना दिसल्या नाहीत अशा चुका काढेल.

पोटदुखीचं बहुतेक कारण हेच असावं, पण बहुतेकवर सोडू नका, एकदा डॉक्टरांना दाखवा. सकाळी सहाच्या गाडीला ती काय खाऊन निघते तेही बघा. नुसता चहा-बिस्कीट खाऊन उन्हात धावलं तर धडधाकट माणसाचंही पोट कुरकुरेल. निघायच्या दीड-दोन तास आधी जमत नसेल तर निदान एखादी दशमी किंवा केळं पोटात जाऊ द्या. डब्यात शेंगदाण्याचा लाडू, सोबत लिंबू-मीठ-गुळाचं पाणी. वडापाव सामना संपल्यावर. पाळी सुरू झाली असेल किंवा व्हायची असेल तर पिशवीत पॅड आणि गडद रंगाची जादा चड्डी-पँट कायम असू द्या, आणि मैदानावर मुलींसाठी संडास उघडा आहे का, ते आदल्या दिवशी सरांना विचारायला मिस्टरांना सांगा. हा प्रश्न बापाने विचारला की व्यवस्था पटकन होते, माझा अनुभव आहे. ती लवकर दमत असेल, जिना चढताना धाप लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के रक्तक्षयी निघाल्या होत्या. तुमची त्याहून लहान आहे, पण वाट तीच. गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं म्हणाली तर ‘नाटकं करते’ म्हणू नका. वाढीच्या वयात धावणाऱ्या-उडणाऱ्या मुलांना तिथे खरंच दुखतं, आणि खो-खोत तर दर मिनिटाला उठायचं-बसायचं असतं. विश्रांती द्यावी लागते.

गणिताचं थोडक्यात. गुण घसरले की आधी मैदान बंद करायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. वड्याचं तेल वांग्यावर. आधी ती किती झोपते ते बघा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागते, तेराव्या वर्षापासून 8 ते 10. रात्री अकरापर्यंत व्हिडिओवर तासंपट्टी आणि पहाटे सराव, यात गणित कुठे बसणार? झोप सुधारल्यावरही घसरण थांबली नाही तर आठवड्यातला एक सराव कमी करायचं सरांशी ठरवा. सामन्याला मुकवणं ही शिक्षा ठेवू नका, त्यात बाकीच्या अकरा जणी भरडल्या जातात.

आता मिस्टरांच्या डोक्यात जे असावं असा माझा अंदाज आहे त्याबद्दल. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले, मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची, पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकरही महाराष्ट्राचा. आपल्या मातीतला खेळ टीव्हीवर झळकला, बापांच्या डोळ्यांत स्वप्नं आली. त्यात दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, हेही सगळ्यांना ठाऊक. स्वप्न बघायला माझी ना नाही. फक्त वाट केवढी आहे ते बघा. तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा. तुमचा जिल्हा कोल्हापूर विभागात येतो, म्हणजे जिल्हा जिंकलात तरी पुढे सांगली-कोल्हापूरच्या मुली उभ्या. एवढा लांबचा पल्ला पोरीला स्वतःच्या हौसेवर गाठावा लागतो. बापाच्या हौसेवर चालणारी मुलगी जिल्ह्यापर्यंत जाते आणि नववीत गळते, असं मी बघत आलेय.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी ‘मुलगा-मुलगी समान’ या विषयावर भाषण नको. त्यांची भीती साधी असते: अंधार, परगावचा प्रवास आणि लोक काय म्हणतील. पहिल्या दोन्हींची सोय लावा. डिसेंबरात सहालाच अंधारून येतं, तेव्हा सराव साडेपाचला संपवावा अशी विनंती चार पालकांनी मिळून सरांना करा. मुली एकत्र घरी याव्यात, आळीपाळीने एक पालक सोबत. परगावी जाताना बाई शिक्षिका बरोबर आहेत का, परत किती वाजता येणार, गाडीत कोण आहे, हे विचारणं हा तुमचा हक्क आहे, त्यात सरांवर अविश्वास वगैरे काही नाही. लोक काय म्हणतील याला माझ्याकडे औषध नाही. जिल्ह्याच्या सामन्याला सासूबाईंनाच घेऊन जा, बघा काय म्हणतात ते.

जिल्ह्याची स्पर्धा होऊ द्या. संघ हरो-जिंको, आठ-दहा दिवस घरात खेळाचा विषय काढू नका. मग एका संध्याकाळी मिस्टर घरात नसताना तिला विचारा, ‘पुढच्या वर्षी खेळायचंय का?’ राखीव ठेवतात म्हणून रडली तर ते सोडायचं कारण नाही, ती रडत असली तरी तिला खेळायचंच आहे. ‘खो-खो नको, मला लांब उडी करायचीय’ म्हणाली तर तिचं नाव तिकडे घाला आणि मिस्टरांना समजावायचं काम तुम्ही अंगावर घ्या. नुसते खांदे उडवून ‘बाबांना विचार’ म्हणाली, तर मला पुन्हा लिहा.